सदुसष्टाव्या वर्षी क्लच

आमच्या घरात गाडी बायको चालवायची. हे वाक्य मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो आणि लोकांनी पुढचा प्रश्न एकच विचारला, "मग तुम्ही काय करता?" मी शेजारी बसून वाचतो, असं खरं उत्तर मी द्यायचो. त्यावर पुरुष हसायचे आणि बायका माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघायच्या. तिला सहानुभूती मुळीच नको होती. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाती स्टीअरिंग देण्यापेक्षा पुस्तक दिलेलं शहराच्या हिताचं आहे, असं तिचं मत होतं. सिग्नलला ती ब्रेक दाबायची, मी पान उलटायचो. संसाराची कामं आम्ही अशी वाटून घेतली होती.

मग ती गेली. आजार तीन आठवड्यांचा होता, त्यामुळे मला काहीही शिकून घ्यायला वेळ मिळाला नाही. गॅसचा नंबर कुठे लिहिलाय हेही नाही, तर गाडीचं काय घेऊन बसलात.

गाडी वारज्याच्या आमच्या सोसायटीत खाली उभी राहिली. पहिल्या महिन्यात तिच्यावर धूळ बसली, दुसऱ्या महिन्यात धुळीवर मांजर. तिसऱ्या महिन्यात समितीनं काचेवर चिठ्ठी लावली : "सदर वाहन बरेच दिवस हललेले नाही. शोभेसाठी ठेवले असल्यास तसे कळवावे." खाली सचिवांची सही. हेच सचिव दहाव्याला येऊन "काही लागलं तर हक्कानं सांगा" म्हणाले होते. मी हक्कानं चिठ्ठी काढून टाकली.

गाडी विकून टाकली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण फेब्रुवारीच्या शेवटी वाघोलीहून ताईंचा फोन आला.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. दोघी बहिणी मंडईच्या मागच्या बोळात वाढल्या. पुढे शहर वाढलं तशी एक पश्चिमेच्या टोकाला वारज्यात जाऊन पडली आणि दुसरी मुलाबरोबर पूर्वेच्या टोकाला वाघोलीत, अकराव्या मजल्यावर. दोन्हीकडे कोपऱ्याकोपऱ्यावर भाजी मिळते. पण ती भाजी नव्हे, असं दोघींचं एकमत होतं, आणि दोघींचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. म्हणून दर शनिवारी सकाळी बायको वारज्याहून निघून सगळं पुणं ओलांडून वाघोलीला जायची, ताईंना गाडीत घालायची आणि पुन्हा अर्धं पुणं ओलांडून मंडईत आणायची. कशासाठी? मेथीसाठी. दगडी इमारतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एक भाजीवाली बसते, तिच्याच मेथीसाठी. ताईंना उतरता येत नसे, म्हणून बायको गाडी तिच्या टोपल्यांना टेकवून उभी करायची आणि खिडकीतून व्यवहार चालायचा. हे सगळं मला ऐकून माहीत. कधी बरोबर गेलोच तर माझी नजर पुस्तकात असायची.

"अहो, मंडईत सांगायचं राहिलंय," ताई फोनवर म्हणाल्या.

"काय सांगायचं?"

"ती गेली म्हणून. सगळ्यांना कळवलंत तुम्ही. अमेरिकेत कळवलंत, पेपरात दिलंत. त्या बाईला कुणी कळवलं? ती काय पेपरातलं दुःखद निधन वाचते होय? तीस वर्षं ओळख. आम्ही दोघीही अचानक यायच्या बंद झालो, तिला काय वाटत असेल?"

मी म्हटलं, मी रिक्षानं जाऊन सांगून येतो.

"तुम्ही ओळखता तिला?"

मी ती कशी दिसते ते विचारलं.

"तिथे पन्नास बाया बसतात. तुम्ही भलत्याच बाईला सांगून याल."

ताईंची दुसरी अडचण अशी होती की त्यांच्या मुलाची बदली बेंगळुरूला झाली होती. शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलणार होतं, आणि एकदा ताई तिकडे गेल्या की परत येण्याची शक्यता त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून होती. म्हणजे हातात तीन महिने होते. मुलानं आधी प्रयत्न करून पाहिला होता. त्यानं आईला कॅब बुक करून दिली. कॅबवाल्यानं गर्दी बघितली आणि ताईंना मंडईपासून चांगल्या पाव किलोमीटरवर उतरायला सांगितलं. ताई उतरल्या नाहीत. त्याला त्याच्या आईवडिलांबद्दल दोन प्रश्न विचारून त्याच गाडीनं घरी परत आल्या.

"काका, ड्रायव्हर ठेवा ना एक दिवस. सिंपल आहे," भाचा म्हणाला. "कशाला एवढं इमोशनल करायचं?"

तेही केलं. आलेल्या ड्रायव्हरनं बायकोच्या गाडीचा पहिला गिअर असा काही टाकला की ताईंनी त्याला येरवड्यापाशीच गाडी थांबवायला लावली. "तिच्या गाडीला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग मागच्या सीटवरच्या माझ्याकडे बघून, "तुम्हाला काय धाड भरलीय? शिका की."

अशा रीतीनं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकवणारे मास्तर माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि पेठेत पाच पिढ्या काढलेल्या मुसलमान घराण्याचं असं स्वच्छ मराठी की माझ्या ग्रंथालयातले प्राध्यापक लाजले असते. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या शिकाऊ गृहस्थांनी त्यांना तोंडभर सांगितलं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मास्तर म्हणाले, "तुमचंही काही वाईट नाही." त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलून घेतली.

मी जाताना वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक वाचून गेलो होतो. खुणा करून. मास्तरांनी ते हातात घेतलं, चाळलं.

"सगळं वाचलंत?"

"दोनदा."

"उत्तम. म्हणजे तुम्हाला आता माहीत झालं की लोक काय काय करणार नाहीत. हे डिकीत ठेवा."

त्यांच्या शिकवण्याचा पाया एका गृहीतकावर होता : रस्त्यावर आपल्याला कुणीही बघितलेलं नाही. हिरवा दिवा आहे म्हणून जाऊ नका, समोरच्यानं बघितलंय याची खात्री झाली की जा. हक्क आपला असला तरी बंपरही आपलाच असतो. रिक्षावाल्याचा हात बघू नका, तो राख झटकत असेल. त्याचं पुढचं चाक बघा, चाक खोटं बोलत नाही. स्कूटरवरची मुलगी डावा दिवा दाखवत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की दिवा चालू आहे. तो कदाचित परवापासून चालू असेल. उभ्या बसच्या पुढून नेहमी कुणीतरी धावत येतं, म्हणून बसच्या खालून पाय दिसतात का ते बघा. पुढच्या दुचाकीपुढे खड्डा असेल तर तो खड्डा तुमचाच समजा, कारण दुचाकी तो चुकवून तुमच्यासमोर येणार आहे.

"आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा," ते म्हणाले.

मी ठेवलं. त्या अंतरात एक स्कूटर शिरली.

"आता?"

"आता तिच्यापासून ठेवा."

ठेवलं. त्यात एक रिक्षा आली. मग एक टेम्पो.

"मास्तर, असं केलं तर मी मागे मागेच जाईन."

"वारज्याला राहता ना? मागेच आहे."

अंतर ठेवण्याची ही विद्या मी फार मनावर घेतली. आयुष्यभर माणसांपासून अंतर ठेवूनच राहिलेला मी. हा भाग मला एकदम जमला. उड्डाणपुलाखालच्या एका चौकात मी डावीकडच्यांना, उजवीकडच्यांना, समोरून वळणाऱ्यांना आणि एका म्हशीला वाट दिली. दिवा दोनदा हिरवा होऊन लाल झाला. मागच्या गाडीतला माणूस उतरून माझ्या काचेशी आला आणि अतिशय सौजन्यानं म्हणाला, "आजोबा, गाडी चालू आहे का प्रदर्शन?"

मी मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "रास्त प्रश्न आहे. उत्तर द्या."

एकवीस दिवसांचा कोर्स झाला. परीक्षेच्या मैदानावर मी आठचा आकडा काढून दाखवला, तेही शाळेच्याच गाडीत. परवाना आला. त्यावरच्या फोटोत मी कुणीतरी पुस्तक परत न केल्यासारखा दिसतो. तरीही मला स्वतःविषयी जरा आदर वाटू लागला. एकवीस दिवसांत एकदाही गाडी बंद पडली नव्हती, एकदाही कुणाला धक्का लागला नव्हता. बायकोला मी उगीच तीस-पस्तीस वर्षं त्रास दिला, हे इतकं सोपं होतं, असा एक कृतघ्न विचारही मनात येऊन गेला.

मग मी बायकोच्या गाडीत बसलो. तिची सीट पुढे ओढलेली होती. माझे गुडघे स्टीअरिंगला लागले. सीट मागे घ्यायला खालचा दांडा ओढायचा होता आणि तो ओढायला मला बराच वेळ लागला. त्याचं कारण दांड्यात बिघाड हे नव्हे. शेवटी ओढला. आता ती इथे बसून गाडी चालवू शकली नसती.

गाडी फाटकापर्यंत पाच वेळा बंद पडली. सहाव्या वेळी ती सुरू झाली आणि थांबेचना. सचिवांच्या कुंडीनं ती थांबवली. कुंडीत सदाफुली होती. "शोभेसाठी ठेवली होती," असं सचिव म्हणाले, आणि या बाबतीत मला बोलायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो. "तुमच्या गाडीत हे होत नव्हतं. आमच्या गाडीत काहीतरी दोष आहे."

मास्तर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "साहेब, शाळेच्या गाडीत डाव्या बाजूला खाली काय आहे, बघितलं होतंत?"

"नाही."

"क्लच आणि ब्रेक. माझ्या पायाशी. दुसरा जोड."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे एकवीस दिवस..."

"पाय माझे होते."

"आणि मी?"

"स्टीअरिंग तुमचं होतं," ते म्हणाले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे भर घातली, "वळण सोडून."

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

"सगळ्यांना दिसतं ते, सांगावं लागत नाही. खाली बघितलं की दिसतं. तीस वर्षांत न बघणारे तुम्ही पहिलेच."

माझ्यासारखी चूक करायला माझ्यासारखंच आयुष्य लागतं. शेजारच्या माणसाचे पाय काय करताहेत हे बघायची मला सवयच नव्हती. डावीकडे बसलो तेव्हा बघितलं नाही, उजवीकडे बसलो तेव्हाही नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आठवून आठवून पाहिलं. घरात कोण काय दाबत होतं, कुठल्या क्षणी कोणी काय आवरून धरलं होतं, म्हणून माझं एवढं वाचून झालं, याचा हिशेब लागेना. तिला विचारता आलं असतं. वर्षानुवर्षं शेजारी बसून विचारता आलं असतं.

ताईंना फोन करून मी सांगितलं की हे मला जमणार नाही.

"किती दिवस राहिलेत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या जाण्याला? पाच आठवडे."

"मग आत्ता कशाला सांगताय? चार आठवड्यांनी सांगा." फोन ठेवला.

मास्तर पुन्हा यायला तयार झाले, पण यावेळी माझ्या गाडीत. ते डावीकडे बसले, सीट मागे सरकवली, पाय लांब केले आणि हात छातीवर बांधले. "आता इकडे काही नाही. मी फक्त दुवा करू शकतो."

रोज पहाटे पाच वाजता, शहर उठायच्या आत, आम्ही निघायचो. चढावर गाडी मागे सरकायची. मागे कुणी नसायचं, हा पहाटेचा फायदा. मग पहाट सहावर आली, सहाची सात. मास्तर दर चार दिवसांनी मला अर्ध्या तासानं गर्दीत ढकलत होते आणि ते माझ्या लक्षात येत नव्हतं, हे तर आलंच. काही दिवसांनी ते रस्त्याकडे बघायचे बंद झाले. एकदा कर्वे रस्त्यावर ते चक्क पेपर वाचत बसले. मला राग आला. मी इथे जिवाच्या आकांतानं आरशात बघतोय, रिक्षाची चाकं बघतोय, बसखालचे पाय बघतोय, आणि शेजारचा माणूस खुशाल पान उलटतोय. पाच मिनिटं मी चांगलाच चिडून होतो. मग कशावर चिडलोय ते ध्यानात आलं आणि मी गिअर बदलला.

मेच्या दुसऱ्या शनिवारी मी एकटा वाघोलीला गेलो. नगर रस्त्यावर मला लागलेला वेळ सांगत नाही; एक लग्नाची वरात माझ्या पुढे निघून गेली एवढं पुरे. ताई खुर्ची टाकून लिफ्टपाशीच बसल्या होत्या. भाच्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला.

"काका, शुअर ना?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"तू तुझी खोकी बांध," ताई म्हणाल्या. "चला हो."

वाटेत त्यांनी मला एकही सूचना दिली नाही. मी घाबरलोय हे त्यांना दिसत असावं. फक्त एकदा एक मोटारसायकल डावीकडून घासून गेली तेव्हा त्यांनी काच खाली करून त्या मुलाला विचारलं, "कुणी वारलंय का रे?" तो पुढे गेला, पण हळू गेला.

मंडईपाशी आलो आणि एक गोष्ट लक्षात आली. मला थांबायला शिकवलेलंच नव्हतं. म्हणजे रिकाम्या मैदानात थांबता येत होतं. पण हातगाड्या, टेम्पो, माणसं आणि दोन बैल यांच्यामध्ये, भाजीच्या टोपल्यांना टेकून गाडी उभी करणं ही वेगळी कला होती. ती बायकोबरोबर गेली.

"ती बघा, हिरवं पातळ," ताई म्हणाल्या. "घ्या कडेला."

मी घेतली नाही. घेता आली नाही. मागून हॉर्न सुरू झाले आणि मी पुढे गेलो. ताईंनी तेवढ्यात खिडकीतून ओरडून मेथीचा भाव विचारला. उत्तर ऐकू येईपर्यंत आम्ही वळलो होतो. सगळ्या एकेरी रस्त्यांनी पूर्ण चक्कर मारून परत यायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या फेरीत भाजीवालीनं उत्तर दिलं आणि ताईंनी ते महाग असल्याचं कळवलं. पुन्हा चक्कर. तिसऱ्या फेरीत बाई उठून रस्त्यातच येऊन उभी होती. तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"आवं, अशी पळती भाजी कुठं घेत्यात का? आन् किती म्हैनं झालं, हायेत कुठं तुम्ही?" तिनं वाकून आत बघितलं. ताईंकडे, मग माझ्याकडे. मग मागच्या सीटकडे. "बाई कुठं हायेत? गाडीवाल्या बाई?"

मी ब्रेक अर्धवट दाबून धरला होता. पूर्ण दाबला आणि तिथेच, भर रस्त्यात, गाडी उभी केली. चारी दिवे लुकलुकायला लावले. मास्तरांनी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींच्या हे विरुद्ध होतं.

"गेली गं," ताई म्हणाल्या. "श्रावणात."

 बाईनं खिडकीच्या काठाला धरलं. मागे हॉर्नचा असा गजर झाला की जणू पुण्यातल्या तमाम सुशिक्षितांना एकाच वेळी कुठेतरी पोचायचं होतं. एक टेम्पोवाला मान बाहेर काढून माझं लायसन कुणी दिलं याची चौकशी करू लागला.

बाई सरळ झाली. हातात मेथीची जुडी तशीच. ती गाडीच्या मागे चालत गेली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि जुडी वर करून ओरडली, "गप बसा की रं! बायकू गेलीया त्यांची!"

हॉर्न थांबले. किती वेळ ते सांगता येत नाही. पुण्याच्या मानानं पुष्कळ. तेवढ्या वेळात ती परत आली, दुसऱ्या बाजूनं, माझ्या खिडकीशी. मला तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा दिसला.

"श्रावनात गेल्या आन् आता सांगताय?"

"मला गाडी येत नव्हती," मी म्हटलं.

याहून मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही. तिनं मात्र मान हलवली, जणू हे कारण पुरेसं होतं. मग पलीकडे जाऊन ताईंच्या मांडीवर मेथी ठेवली, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दोघी काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही, कारण टेम्पोवाल्याचा धीर संपला होता.

"जावा आता," ती म्हणाली. "दमानं जावा."

गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू झाली.

ताई लक्ष्मी रस्त्याला लागेपर्यंत सरळ बसून होत्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, पदर मांडीवर पसरला आणि मेथी निवडायला घेतली. पानं पदरात, काड्या पायाशी. नगर रस्त्याला लागलो तेव्हा निम्मी जुडी निवडून झाली होती आणि गाडीभर मातीचा वास सुटला होता. बायकोनं आपल्या गाडीत हे एक मिनिट खपवून घेतलं नसतं.  पुढच्या बसमध्ये आणि माझ्यामध्ये अंतर होतं, त्यात एक स्कूटर शिरत होती, आणि ताई म्हणत होत्या, "उद्या थालीपीठ लावते. या. स्वतःच या."